कलम नऊ आणि पेन्सिलीची घागर

माणूस रांगेत उभा राहतो, हा एक जुना गैरसमज आहे. रांगेत माणसाची वस्तू उभी राहते. माणूस तेवढ्या वेळात घरी जाऊन चहा पितो, भांडतो, झोपतो, क्वचित लग्नही करतो, आणि परत येतो तेव्हा त्याची जागा जिथल्या तिथे असते. चाकाचा शोध लावला म्हणून मानवजातीचे कौतुक सगळीकडे होते. पण आपल्या जागी वीट ठेवून निघून जाता येते हे ज्याला पहिल्यांदा सुचले, त्याचे नाव कुठल्या पुस्तकात सापडत नाही.

सोलापुरात साखर पेठेच्या मागे जो बोळ आहे, त्याने मात्र या शोधाची योग्य ती कदर केली होती. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्या बोळाला चौथ्या दिवशी पाणी येई. येई ते सकाळी सव्वासहाला, आणि मिलचा सातचा भोंगा व्हायच्या आत जाई. एकतीस घरे, एक नळ, पाऊण तास. (नळाला तोटी नव्हती. तोटी असती तर ती कधीतरी बंद करावी लागली असती. तशी वेळ आली नाही.)

एवढ्या पाण्यावर भांडणे व्हायला हवी होती. ती होतही होती. पण ती शिस्तीत व्हावीत म्हणून बोळाने ‘नळ-रांग शिस्त मंडळ’ स्थापन केले आणि मडिवाळप्पांना अध्यक्ष नेमले. मडिवाळप्पा मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, होते आणि निवृत्त झाल्यावर त्यांना मागांच्या रांगेवाचून करमत नव्हते. हात पाठीमागे बांधून ते विटांच्या रांगेवरून फिरत आणि एखादी वीट वाकडी दिसली तर तिला पायाने समज देत.

मंडळाची कलमे अकरा. त्यांतली आपल्याला तीन पुरतील. कलम चार सांगते, की भांडे हजर नसेल तर त्याच्या जागी प्रतिनिधी चालेल. मान्यताप्राप्त प्रतिनिधी: वीट, दगड, फुटकी बादली, डाव्या पायाची चप्पल. (उजवी चप्पल चालत नसे. याचे कारण ज्याला ठाऊक होते तो मागच्या वर्षी मोडनिंबला राहायला गेला.) कलम सात: पाणी आले की प्रतिनिधीने बाजूला व्हावे आणि खऱ्या भांड्याला पुढे येऊ द्यावे. कलम नऊ: भरलेल्या भांड्याने रांगेत उभे राहू नये. भरले की घरी जावे, आणि त्या घराची त्या दिवसाची पाळी संपली असे समजावे.

या कलमांवर बोळ सुखाने चालला होता. अडचण एकच होती, विटा संपल्या होत्या. मडिवाळप्पांच्याच न्हाणीची भिंत एका उन्हाळ्यात तीन फूट उतरली होती, आणि त्यांना आंघोळ बसून करावी लागे. पण अध्यक्षपदाला तेवढी झीज सोसावी लागतेच.

याच बोळात सोळा नंबरच्या घरात धुळाप्पा मास्तर राहत. ते हायस्कुलात ड्रॉइंग शिकवत. आंबा, पेला, पेल्यावर आंबा, आंब्यामागे पेला, असे करत करत त्यांची एकोणीस वर्षे गेली होती. घरी मात्र ते स्वतःसाठी वस्तुचित्रे काढत. काढलेले प्रत्येक चित्र लोकांना दाखवत आणि लोक काय म्हणतात ते मनात टिपून ठेवत. एकोणीस वर्षांत एकूण दोनशे बारा अभिप्राय आले. त्यांतले एकशे अठ्ठ्याण्णव ‘अगदी फोटोवाणी’ असे होते. तेराजणांनी ‘हे कशाला काढलंत, घरात हायच की’ असे विचारले. उरलेला एक हेडमास्तरांचा होता. तो असा: ‘कागद शाळेचा आहे का?’

मास्तरांना फार काही नको होते. कोणीतरी एकदा चित्राजवळ थांबावे, आणि जे काढताना आपला श्वास अडकला होता नेमके तिथेच त्याचाही अडकावा, एवढीच त्यांची मागणी होती. ती महागाईच्या दिवसांतही अवास्तव म्हणता येणार नाही.

त्या मे महिन्यात मास्तरांनी घरातली पितळी घागर काढायला घेतली. ही घागर त्यांच्या पत्नी सुंदरम्मांनी माहेराहून आणलेली. पोटावर डाव्या अंगाला एक पोचा. तो घरी पोचण्याआधी एस.टी.च्या टपावर पडलेला. मास्तरांनी घागर पश्चिमेच्या खिडकीखाली चुंबळीवर बसवली, ती हलू नये म्हणून भोवती खडूने रिंगण काढले, आणि पाणी येण्याच्या दिवशी भरून आणलेली ती घागर भरलेलीच ठेवली. कारण रिकाम्या घागरीच्या तोंडात नुसता अंधार दिसतो. भरलेलीच्या तोंडात, काठाच्या दोन बोटं खाली, चंद्रकोरीएवढा उजेड पडतो. तो उजेड काढायचा होता.

ज्या शहरात लोक डाळीचे पाणी भाताला वापरत होते, त्या शहरात एक भरलेली घागर आठ दिवस खिडकीखाली कुणी हात न लावता बसून होती. (कलेसाठी लोकांनी याहून मोठे त्याग केले आहेत. पण ते बहुधा स्वतःचे असतात.) सुंदरम्मा शेजारून तांब्या-तांब्या उसना आणून दिवस ढकलत होत्या. त्यांनी एकदाच विचारले होते, किती दिवस. मास्तर म्हणाले, घागर झाली, पाणी झालं, आता सावली तेवढी राहिलीय, चार दिवस. सुंदरम्मांनी चार दिवस मोजले आणि त्यांच्या लक्षात आले, की चौथ्या दिवशी बारसे आहे.

बारसे त्यांच्या लेकीच्या बाळाचे. लेक काशम्मा बाळंतपणाला आलेली. सासरची मंडळी मंगळवेढ्याहून सकाळच्या गाडीने येणार. आमंत्रणातच कळवले होते, की प्रत्येकाने प्यायचे पाणी आपापल्या तांब्यातून आणावे, आहेर नाही आणला तरी चालेल. पण बारशाची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजायची तर पाहुण्यांच्या तांब्यावर शिजत नाही. एक घागर पाणी हवेच होते. नळाचा दिवसही नेमका तोच होता, म्हणजे पाणी मिळण्यासारखे होते. रांगेत जागा तेवढी हवी होती.

आदल्या संध्याकाळी सुंदरम्मा जागा धरायला निघाल्या तेव्हा वीट मिळाली नाही. दगड मिळाला नाही. डाव्या पायाची चप्पल मास्तर घालून गेले होते. पातेले ठेवले तर सकाळपर्यंत ते आपल्याच मालकीचे राहील याची खात्री नव्हती. त्या दारात थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग आत गेल्या, फळीला टाचण्यांनी लावलेले चित्र फळीसकट उचलले आणि पाचव्या नंबरला, रुद्राणीच्या विटेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागेत, भिंतीला टेकवून ठेवून आल्या.

सकाळी मास्तर उठले तर खिडकीखाली घागर होती आणि फळी नव्हती.

“चित्र कुटं गेलं?”

“रांगेत,” सुंदरम्मा म्हणाल्या. “घागर हलवायची न्हाय म्हणाला होता तुमी. चित्राचं काय बोलला न्हवता.”

मास्तर तसेच धावले. अर्ध्या बोळात आल्यावर मात्र त्यांचे पाय मंदावले. नळापाशी गर्दी होती. आणि नळाला अजून पाणी आलेले नसताना सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या होत्या, त्यांच्या चित्राकडे. एकोणीस वर्षांत मास्तरांचे प्रदर्शन भरले नव्हते. ते आज भरले होते. एकूण एकतीस वस्तू मांडलेल्या, पैकी सतरा विटा. मास्तर मागे वळले, घरी गेले, कोट घातला आणि परत आले.

चर्चा सुरू झाली होती, आणि ती उच्च दर्जाची होती हे मान्य करावे लागेल. मडिवाळप्पांचे मत असे, की कलम चारमध्ये चित्राचा उल्लेख नाही, पण चित्र नको असेही लिहिलेले नाही. तेव्हा सुंदराक्कांचा हा प्रतिनिधी आहे असे समजून पुढे जावे. रुद्राणीने हरकत घेतली. रुद्राणी सहाव्या नंबरला होती, आणि सहाव्या नंबरच्या माणसाला पाचव्याविषयी जी तळमळ असते ती तिच्यात पुरेपूर होती. तिचे म्हणणे, प्रतिनिधी तो, जो मुळाशी जुळत नाही. वीट काय घागरीसारखी दिसते? चप्पल दिसते? ज्याचा ज्याच्याशी काही संबंध नाही तोच त्याचा प्रतिनिधी होतो. (मंडळाला हे पटले. निवडणुका नुकत्याच होऊन गेल्या होत्या.)

“आनि हे बगा की अण्णा,” रुद्राणी म्हणाली, “हिच्यावर पोचासुदिक हाय. पोचा असलेला प्रतिनिधी तुमी कुटं बगितलाय? ही घागर हाय, घागर. प्रतिनिधी न्हवं.”

मास्तरांच्या कानाला हे गोड लागले. ‘ही घागर आहे’ असे आजवर कोणी म्हटले नव्हते. लोक ‘घागरीचा फोटो’ म्हणत. त्यांनी कोटाचे वरचे बटण लावले.

मग रुद्राणीने सावलीचा मुद्दा काढला. सगळ्या विटांच्या सावल्या डाव्या हाताला पडल्या होत्या, आणि घागरीची उजव्या हाताला, तीही अर्धीच. म्हणजे ही घागर सकाळची नाही. दुपारच्या घागरीने सकाळच्या रांगेत यावे का? मडिवाळप्पांनी फळी फिरवून ठेवून पाहिली. सावली बरोबर बाजूला गेली, पण घागर भिंतीकडे तोंड करून बसल्याने दिसेना. फळी पुन्हा सरळ करण्यात आली आणि सावलीचा प्रश्न पुढील बैठकीवर ढकलण्यात आला. सहा वाजून दहा मिनिटे झाली होती.

सुंदरम्मा पातेली घेऊन आल्या. एकावर एक अशी तीन पातेली, पदर खोचलेला, चेहऱ्यावर ज्या बाईच्या घरी पाहुणे दहाला टेकणार आहेत त्या बाईचा चेहरा. मडिवाळप्पांनी त्यांना सांगितले, की चित्र घागर म्हणून मान्य झाले आहे, तेव्हा जागा पक्की. पाणी आले की पातेली लावा. सुंदरम्मांनी मास्तरांकडे पाहिले. आठ दिवसांत पहिल्यांदाच जरा बऱ्या नजरेने पाहिले.

इथे सगळे संपायला हवे होते.

पण एकोणिसाव्या नंबरची निंगव्वा पुढे आली. निंगव्वा म्हातारी होती, पाठीत वाकलेली. त्यामुळे तिचे डोळे आपोआपच घागरींच्या तोंडाच्या उंचीवर असत. तिला पाचव्या नंबरशी काही देणेघेणे नव्हते. एकोणिसाव्या नंबरपर्यंत पाणी पोचल्याची नोंद मंडळाकडे नाही. ती रांगेत गप्पांसाठी येई. ती चित्रापाशी थांबली. पोच्याकडे तिने पाहिले नाही, सावलीकडे पाहिले नाही. काठावरून तिची नजर आत उतरली, आणि दोन बोटं खाली जाऊन थांबली.

“नीरु,” म्हातारी म्हणाली. आनंद झाला की ती कानडीत जाई. मग मराठीत येऊन म्हणाली, “पानी हाय की गं ह्यात. किती गार दिसतंय.”

मास्तरांचा श्वास अडकला. तिचाही अडकला होता.

कोणी काही बोलायच्या आत म्हातारीने जात्यावर बसल्यासारखी मान डोलवली आणि बारीक आवाजात म्हटले,

*भरली घागर, पाणी काठाशी थांबलं,*
*माहेराचं आभाळ, बाई, त्यात गं सांडलं.*

तिथे जमलेल्या एकतीस घरांपैकी निदान नऊ घरांच्या डोळ्यांत पाणी आले. (हे पाणी पाळीत धरले गेले नाही.) दोनशे तेरावा अभिप्राय होता तो.

“पानी हाय?” रुद्राणीने विचारले. ती पुढे येऊन वाकली. तिने बघितले, पुन्हा बघितले, आणि तिच्या चेहऱ्यावरही उजेड पडला. पण तो वेगळा. “अण्णा, कलम नऊ.”

बोळाने कलम मनातल्या मनात म्हणून पाहिले. भरलेल्या भांड्याने रांगेत उभे राहू नये. भरले की घरी जावे. घागर आहे हे ठरलेच होते. आता ती भरलेली निघाली होती.

मडिवाळप्पांनी चष्मा काढला, कोपरीला पुसला, घातला. त्यांना काठाच्या आत काहीतरी पांढुरके दिसले. ते पाणीही असू शकत होते, खोडरबराचा डागही असू शकत होता. सुंदराक्काच्या घरी बारसे आहे हे त्यांना ठाऊक होते. हुग्गीचे आमंत्रण त्यांनाही होते. त्यांनी वाट काढून दिली.

“मास्तर, काढली तुमी, तर तुमीच सांगा. भरलेली हाय, का रिकामी? डाग असंल तर डाग म्हना. मंडळ डाग लावून घ्यायला तयार हाय.”

मास्तरांना एक शब्द बोलायचा होता. ‘रिकामी’, तीन अक्षरे. बोळातले पोरही ती बोलले असते. पुढ्यात सुंदरम्मा तीन पातेली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली नाही, डोळे वटारले नाहीत, नुसते पाहिले. पण मास्तरांच्या दुसऱ्या बाजूला निंगव्वा होती, आणि ती अजून वाकून त्या चंद्रकोरीएवढ्या उजेडात बघत होती. त्या उजेडाला तीन दुपारी लागल्या होत्या. तो पेन्सिलीने काढलेला नव्हता. भोवती सगळे काळे करत जाऊन, तेवढाच कागद मास्तरांनी कोरा राखला होता.

“काठाच्या दोन बोटं खाली पाणी आहे,” मास्तर म्हणाले. आणि न विचारता पुढे म्हणाले, “लई जपून काढलंय.”

मंडळाने एकमताने ठराव केला. सुंदरम्मांच्या घराला आज एक घागर पाणी पोचले आहे, सबब पाळी संपली. रुद्राणी पाचव्या नंबरला आली. नेमके त्याच क्षणी नळाने खाकरून घसा साफ केला, आणि पाणी आले.

 सुंदरम्मांनी पातेली मास्तरांच्या हातात दिली. मग चित्राची फळी उचलली, कडेवर घेतली, एक हात खाली लावला, अंग एका बाजूला कलते केले आणि भरल्या घागरीची बाई चालते तशी, थेंबही न हिंदकळू देता, निघाल्या. वाटेतली माणसे अंग चोरून बाजूला झाली. रुद्राणीनेसुद्धा पदर सावरून वाट दिली. धक्का लागून सांडले असते तर दोष तिच्यावर आला असता.

घरी येऊन त्यांनी फळी चुलीशी टेकवली. हुग्गीचे मोठे पातेले पुढे ओढले.

“ओता,” त्या म्हणाल्या.

मास्तर पातेली घेऊन उभे. कोट अंगात.

“चारचौघांत सांगितलात न्हवं पानी हाय म्हणून. ओता की मग. गहू भिजलेत, नऊ वाजता गाडी स्टँडवर लागतीय.”

मास्तरांनी चित्राकडे पाहिले. मग खिडकीखाली पाहिले. मग पुन्हा चित्राकडे. सावली अर्धीच झाली होती.  मग खाली बसून त्यांनी आपल्या हाताने खडूचे रिंगण पुसले.

सुंदरम्मांनी घागर उचलली. आठ दिवसांचे पाणी, वर दोन मुंग्या आणि एक कापसाचा तंतू. त्यांनी ते दुहेरी धडप्यातून गाळले, उकळले आणि हुग्गीला लावले. पाणी बरोबर पुरले. काठाच्या दोन बोटं खाली होते तेवढेच. बारसे झाले. पाहुण्यांनी हुग्गी दोनदा मागून घेतली. चित्र भिंतीला टेकवलेले होतेच. मंगळवेढ्याच्या चौदा पाहुण्यांनी ते पाहिले आणि चौदाजणांनी ‘अगदी फोटोवाणी’ असे सांगितले. निंगव्वा शेवटी आली. तिने वाकून बराच वेळ पाहिले आणि मास्तरांना हळूच म्हणाली, “मास्तर, थोडं खाली गेलंया न्हवं पानी?” मास्तरांनी त्या दिवसापासून चित्राला पेन्सिल लावली नाही. सावली अजून अर्धीच आहे.

मंडळाने मात्र या प्रकरणावरून योग्य तो धडा घेतला. कलम चार दुरुस्त करून त्यात ‘चित्र (रिकामे)’ असे शब्द घालण्यात आले. विटांचा प्रश्न कायमचा मिटला. बोळातल्या सत्तावीस घरांनी मास्तरांकडून आपापल्या भांड्यांची चित्रे काढून घेतली, आणि मडिवाळप्पांच्या न्हाणीची भिंत पुन्हा वर चढली. एकोणीस वर्षांनी मास्तरांना मागणी आली, पण रिकाम्या भांड्यांची. मास्तरांनी कुरकूर केली नाही. कळशा, बादल्या, हंडे, एक स्टोव्हवरची किटलीसुद्धा, सगळे त्यांनी रिकामे काढले. म्हणजे मंडळाने तपासले तेव्हा ते रिकामेच होते. फक्त पाणी यायच्या दिवशी निंगव्वा एकेका चित्रापाशी वाकते, काठाच्या आत बघते, मग इकडेतिकडे पाहून तोंडाला पदर लावते आणि पुढच्या चित्राकडे जाते. मास्तरांनी तिला शपथ घातली आहे.

एवढ्यावर हकिगत संपते. घागर भरलेली होती की रिकामी, कलम नऊ बरोबर की चूक, सावली उजवीकडे की डावीकडे, हे सगळे वाचकांनी इथवर बारकाईने पाहिले आहे, आणि पेन्सिलीच्या त्या पाण्याकडे वाकूनही पाहिले आहे, याबद्दल मंडळ त्यांचे आभारी आहे. बोळात त्या दिवशी एक बारसे होते. मुलगा की मुलगी, नाव काय ठेवले, हे मंडळाच्या एकाही सभासदाने अजून विचारलेले नाही. तुम्हीही विचारले नाही. तेव्हा तुम्हाला सभासद करून घेण्यास कोणाची हरकत दिसत नाही. आपला नंबर बत्तिसावा. चित्र आणावे, रिकामे.